फिलोमिनाबाईंचं इंग्रजी

फिलोमिनाबाई, तुम्हाला निरोप देऊन आता थोडे दिवस झाले, आणि मला सगळ्यात जास्त आठवतं ते आपलं भांडण. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात डबे उघडून आपण जे एकच भांडण वर्षानुवर्षं भांडलो, ते अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत. माझ्याकडे अजून दोन-तीन चांगले मुद्दे शिल्लक होते.

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. मुलं ओळीने बसली होती, तुमच्या फोटोला हार होता, आणि पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ तुमच्यावर भरभरून बोलले. तुम्हाला ते कधी भेटले असतील असं वाटत नाही. प्रेमळ म्हणाले, शिस्तप्रिय म्हणाले, तिथपर्यंत ठीक होतं. मग म्हणाले, "फिलोमिना मॅडमचं इंग्रजीवर असामान्य प्रभुत्व होतं." मी झटकन पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. तुम्ही असतात तर माझ्या मांडीला चिमटा काढून म्हणाला असतात, "हस आता, बघतायत सगळे."

तुमच्या नावाने आयुष्यभर हीच गंमत केली. मी स्वतः काय वेगळं केलं होतं? नव्वदच्या दशकाच्या मध्यावर देवगडकडून नोकरीसाठी इथे आले, मनवेलपाड्यात भाड्याने खोली घेतली आणि चंदनसारच्या या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकलं. समोर खुर्चीत तुम्ही. स्वच्छ सुती साडी, गळ्यात बारीक साखळीत क्रूस. मुख्याध्यापक गुरुजींनी तुमचं नाव सांगितलं आणि मी रात्रभर पाठ केलेलं 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणून टाकलं. तुम्ही म्हणालात, "ये गं, बस. डबा आणलायस का? माझ्याकडे वालाची भाजी आहे."

नंतर हळूहळू कळत गेलं. तुमची प्रार्थना मराठीत, गाणी मराठीत, फादरांचं प्रवचन मराठीत. वाडीत तुमच्या घरी आले तेव्हा लाल लुगड्यातली तुमची आई आणि तुम्ही आपसात वाडीच्या बोलीत जे बोललात त्यातलं मला अक्षर कळलं नाही, पण ते इंग्रजी नव्हतं एवढं नक्की. तुम्ही गावच्या मराठी शाळेत शिकलात, शिक्षिकेचं प्रशिक्षणही मराठीतूनच घेतलंत. इंग्रजी पाचवीपासून, तेही पास होण्यापुरतं. म्हणजे माझ्याइतकंच. पण हे कुणाकुणाला समजावणार? बसचा कंडक्टर तुम्हाला 'येस मॅडम' म्हणायचा. दुकानदार तुमच्याशी बोलताना उगाच 'थँक्यू' जोडायचा. तुम्ही कधी चिडला नाहीत. "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," असं स्वतःच म्हणायचात आणि स्वतःच हसायचात.

मग पहिलीपासून इंग्रजी शिकवायचा हुकूम आला, आणि ते हसू जरा महागात पडलं.

तेव्हाची आपली शाळा आठवा. आजूबाजूला चाळी आणि इमारती उभ्या राहत होत्या, माणसं रोज टेम्पोतून सामान उतरवत होती, आणि मुलं वाढायची ती सगळी दुसरीकडे जात होती. कुठल्याही चाळीच्या दोन गाळ्यांत इंग्रजी शाळा उघडायची. नावात एखादा संत नाहीतर एखादं फूल, आणि मुलांच्या गळ्यात टाय. आपल्याकडे पट दरवर्षी घटत होता. पट घटला की एक शिक्षक जादा ठरतो, आणि जादा ठरतो तो सगळ्यात नवा. म्हणजे मी. माझी मुलगी तेव्हा अजून रांगत होती. बदली झाली असती तर तालुक्याच्या कुठल्या टोकाला गेले असते कोण जाणे. नवरा सकाळी अंधेरीला कामाला जायचा तो दिवेलागणीला घरी यायचा. पोरीला कुठे ठेवायचं, या एका प्रश्नाने माझी झोप उडाली होती.

केंद्रप्रमुख शाळेत आले, नव्या विषयाची चौकशी केली. आपले गुरुजी निवृत्तीला आलेले, त्यांना इंग्रजीचं नाव काढलं तरी घाम फुटायचा. ते काही बोलायच्या आतच साहेब तुमच्याकडे बघून म्हणाले, तुमच्याकडे फिलोमिना मॅडम असताना चिंता कसली? गुरुजींचा जीव भांड्यात पडला. तुम्ही तोंड उघडलंत खरं, पण तोवर साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला होता आणि विषय पोषण आहाराच्या तांदळावर गेला होता. घरी जाताना मी विचारलं, तुम्ही खरं का नाही सांगितलंत? म्हणालात, मी नाही म्हटलं तर ते तुझ्या गळ्यात पडेल, आणि तुझ्या गळ्यात आधीच एक पोर लोंबतंय.

आणि बातमी पसरली. सरकारी शाळेत ख्रिश्चन मॅडम इंग्रजी शिकवणार, तेही फुकट. त्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गात सतरंज्या कमी पडल्या. एका टेम्पोवाल्याने तर आपल्या मुलीला टायवाल्या शाळेतून काढून आपल्याकडे घातलं. तीच रेश्मा. पहिल्या दिवशी ती आपला निळा गणवेश आणि त्या शाळेचा टाय असं दोन्ही घालून आली होती, कारण टायचे पैसे देऊन झाले होते. तुम्ही टाय काढायला सांगितला नाहीत. तो जुना होऊन आपोआप सुटेपर्यंत ती घालत राहिली.

माझा वर्ग तुमच्या शेजारी, मधे नुसती लाकडी फळ्यांची आडभिंत. त्यामुळे तुम्ही कसं शिकवलंत ते मी सगळं ऐकलंय. दुपारी रेडिओवर शाळांसाठी इंग्रजीचा पाठ लागायचा. रेडिओतल्या बाई एक वाक्य म्हणायच्या, मुलं म्हणायची, आणि मुलांपेक्षा मोठ्याने तुम्ही म्हणायचात. रेडिओ बंद झाला की फळ्यावर तीन रकाने. पहिला घरचा, दुसरा शाळेचा, तिसरा इंग्रजीचा. आधी मुलाने घरात जे म्हणतात ते सांगायचं. भातशेतीवाल्या घरातली पोर 'पानी' म्हणाली, उत्तरेकडून आलेल्या गवंड्याचा मुलगाही 'पानी'च म्हणाला, आणि दोघं एकमेकांकडे अशी बघत राहिली की जणू आपण नातेवाईकच निघालो. मग शाळेचं 'पाणी', मग 'वॉटर'. एकदा आडभिंतीवर टकटक करून तुम्ही मला विचारलंत, "सुनंदा, तुझ्याकडे मुलीला काय म्हणतात?" मी इकडून ओरडले, "चेडू." तुमचा वर्ग खो खो हसला, आणि आठवडाभर सगळ्या मुली एकमेकींना चेडू म्हणत फिरत होत्या.

मला हे पटायचं नाही. इंग्रजीच्या तासाला इंग्रजी बोलावं, घरची भाषा घरी, असं माझं मत होतं. तुम्ही म्हणायचात, लहानपणी मी घरचा शब्द वर्गात बोलले म्हणून बाईंनी मला उभं केलं होतं. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंडच उघडलं नाही. तोंड बंद ठेवलेल्या मुलाला कुठलीच भाषा येत नाही, इंग्रजीही नाही आणि मराठीही नाही. यावर मी भाजीत मीठ जास्त आहे म्हणायची.

खरी गोष्ट अशी की तुम्ही आदल्या संध्याकाळी धडा पाठ करायचात आणि दुसऱ्या दिवशी शिकवायचात. सकाळी बसमधून उतरून शाळेपर्यंत चालताना तुमचे ओठ हलत असायचे. लोकांना वाटायचं, बाई जपमाळ म्हणतायत. एवढंच असतं तर काही बिघडलं नसतं, आपण सगळेच शिक्षक कधी ना कधी असं करतो. पण तुम्ही ते मुलांना सांगून टाकलंत. मी आडभिंतीपलीकडून माझ्या कानांनी ऐकलं. "मी पण शिकते आहे. माझं चुकलं तर हात वर करायचा. जो पकडेल तो उद्या रेडिओ लावणार."

बाई, पहिलीच्या मुलांना शिक्षकाची चूक पकडायला द्यायची म्हणजे काय? वर्ग नुसता टपून बसायचा. रेडिओतल्या बाई एक म्हणाल्या आणि तुम्ही वेगळं म्हणालात की हातांचं शेत उगवायचं. जी पोरं स्वतःहून शब्द बोलत नव्हती तीसुद्धा तुमची चूक सुधारण्यासाठी ताडकन बोलायची. मला गंमत वाटत होती, मी नाकारत नाही. पण पोरं काही पोटात ठेवत नाहीत. ती घरी जाऊन सांगणार हे मला दिसत होतं.

तसंच झालं. रेश्माने घरी जाऊन अभिमानाने सांगितलं की आज बाई चुकल्या आणि मी पकडलं. तिच्या बापाने गेटवर दोघा-चौघांना गाठलं, कुजबुज सुरू झाली, आणि गुरुजींनी पालकसभा बोलावली. त्या दुपारी आपलं पहिलं भांडण झालं.

मी तुम्हाला विनवलं. म्हटलं, तुम्हाला वाचता येतं, लिहिता येतं, मुलांना शिकवता येतंय. सभेत दोन पाठ केलेली वाक्यं इंग्रजीत बोला, लोक गप्प बसतील, त्यांना तरी कुठे येतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मूठ झाकून फळ्यावर लिहिता येत नाही गं," तुम्ही म्हणालात.

मला राग आला. मी म्हटलं, तुम्हाला काय, तुम्ही सगळ्यांत जुन्या. मुलं गेली तर बदली माझी होणार आहे, पोर माझं आहे. तुमच्या डब्यात त्या दिवशी सुकं बोंबील होतं, तुमचं आवडतं, ते तसंच राहिलं. डबा बंद करता करता, भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज तुम्ही म्हणालात की जायची वेळ आलीच तर मी लिहून देते, मी जाईन. मला ना नवरा ना पोर. भावाच्या घरी राहते, कुठूनही राहीन.

तसं नियमात बसतं की नाही हे तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी फणकाऱ्याने उठले. तेव्हा आभार मानायचं सुचलं नाही, आणि पुढे इतकी वर्षं रोज शेजारी बसलो तरी तो विषय मी कधी काढला नाही. आता मानते. तुमच्यासारखं कुणी माझ्यासाठी आपलं गाव सोडायला निघालं नव्हतं, बाई. सख्ख्या माणसांतही नाही.

सभेला व्हरांडा भरला होता. आया जमिनीवर, बाप्ये कठड्याला टेकून. रेश्माचे बाबा उभे राहिले. भांडायला नाही, पण चेहरा उतरलेला. ते म्हणाले, "बाई, आमची पोरगी सांगते का तुमाला पन इंग्रजी येत नाय. आमी त्या शालेतून नाव काढून हितं टाकली. हे खरं हाय का?"

गुरुजी खाकरले. मी जमिनीकडे बघत होते.

"खरं आहे," तुम्ही म्हणालात. "माझं नाव फिलोमिना आहे, म्हणून सगळ्यांना वाटतं मला येत असेल. मी तुमच्यासारखीच मराठी शाळेत शिकले. मला वाचता येतं, बोलता येत नाही. मी मुलांच्या एक धडा पुढे असते, तेवढंच. ज्यांना मुलं न्यायची असतील त्यांनी न्यावीत. मी राग धरणार नाही."

मला वाटलं, संपलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं, तुमच्याशी काय भांडणार? शेवटी रेश्माचे बाबा म्हणाले, "दिवाळीपरयंत ठेवतो. मंग बगू."

पुढच्या आठवड्यात काही मुलं गेलीच. खोटं कशाला सांगू, ती गेली आणि परत आली नाहीत. रोज सकाळी हजेरीच्या वेळी मी आडभिंतीला कान लावून तुमच्या वर्गातले 'हजर' ऐकत होते. तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही हजेरी मुद्दाम मोठ्याने घ्यायचात.

पण त्याच सभेनंतर आणखी एक गोष्ट झाली, जी मी तेव्हा हिशेबात धरली नाही. सगळे पांगल्यावर रेश्माची आई आणि तिच्या चाळीतल्या एक बाई मागे रेंगाळल्या. पदराशी चाळा करत त्यांनी विचारलं की तुम्ही एक धडा पुढे म्हणता, तर आम्ही मुलांच्या मागे बसलो तर चालेल का? पोरं घरी येऊन विचारतात, आम्हाला काही सांगता येत नाही. मोठ्या मॅडमला हे विचारायची आमची छाती झाली नसती, पण तुम्ही म्हणालात तुम्हीही शिकता. तुम्ही त्यांना शनिवारी बोलावलंत. पुढच्या शनिवारी आणखी आल्या. पापड लाटणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, कळंबहून लग्न होऊन आलेली एक कोळीण, सगळ्या भिंतीला टेकून बसायच्या, आणि रेडिओतल्या बाईंच्या मागून पोरं, आया आणि तुम्ही असा एकच गलका व्हायचा. माझा वर्ग त्या वेळी गणिताऐवजी तेच ऐकायचा. मीही ऐकायची.

दिवाळीच्या आधी तुम्ही वर्गात बाजार भरवलात. वाडीतून केळी आणलीत, फुलं आणलीत, तुमच्या आईने केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी आणलीत. पैशांऐवजी चिंचोके. नियम एवढाच की विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने इंग्रजीत बोलायचं. रेश्मा सुकेळ्यांच्या टोपलीमागे बसली होती. तिचे बाबा टेम्पो बाहेर लावून आत आले आणि टोपलीपुढे उभे राहिले. त्यांना शब्द फुटेना. मागे माणसं थांबली होती, बायको बघत होती, पोरगी वाट बघत होती. त्या माणसाच्या कपाळावर घाम आला होता, आणि मला कळत होतं की हा आता मागे फिरला तर पोरीलाही घेऊन जाणार. माणूस अपमान झाला तिथे परत येत नाही.

तुम्ही त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिलात आणि रेश्माला इंग्रजीत काहीतरी विचारलंत. ते इतकं चुकलेलं होतं की सगळा वर्ग हात वर करून नाचायला लागला. रेश्माने तुम्हाला दुरुस्त केलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, तिने पुन्हा दुरुस्त केलं, चांगली डोळे वटारून. तिचे बाबा आधी हबकले, मग हसले. मग त्यांनी पोरीकडे बघत तेच वाक्य म्हटलं. "हाऊ मच?" रेश्माने चिंचोके सांगितले. त्यांनी घासाघीस करायला तोंड उघडलं, पण त्याचं इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, तुम्हालाही नाही, म्हणून त्यांना मागेल तेवढे द्यावे लागले. सुकेळं खात ते टेम्पोत बसले.

तुम्ही तेव्हा मुद्दाम चुकलात की खरंच चुकलात, हे मी तुम्हाला कितीदा विचारलं. तुम्ही दर वेळी वेगळं उत्तर दिलंत.

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि रेश्मा आली. तिच्यामागे तिच्या चाळीतली अजून दोन मुलं आली. वर्षअखेर पट टिकला. माझी बदली झाली नाही. माझी मुलगी याच शाळेच्या ओट्यावर चालायला शिकली आणि तुम्हाला 'फिलूबाय' म्हणायला लागली.

आणि तिथून आपलं मोठं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं, तुमचं नशीब चांगलं होतं. त्या दोघी बायका मागे थांबल्या नसत्या तर? रेश्माचा बाप तापट असता तर? खरं बोलून शाळा चालत नाहीत, या गावात तर नाहीच. इथे लोक टाय बघून फी भरतात. तुमचं म्हणणं, त्या बायका थांबल्या याचं कारणच मी खरं बोलले हे होतं. मी म्हणायची, हे तुम्ही नंतर जुळवलंत. तुम्ही म्हणायचात, मग काय आधी जुळवायचं होतं? एकदा मी तुम्हाला ऐकवलं की तुमची मुलं हायस्कूलला जातात तेव्हा तिथले सर म्हणतात, या पोरांचे उच्चार काहीतरीच असतात. तुम्ही विचारलंत, आणि अजून काय म्हणतात? मला सांगावं लागलं की सर असंही म्हणतात, ही पोरं वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न विचारतात. त्या दिवशी तुम्ही माझ्या डब्यातला शेवटचा घावनही खाल्लात.

अशी वर्षं गेली. गुरुजी निवृत्त झाले, तुम्ही मुख्याध्यापिका झालात, रेडिओ बिघडला, दुसरा आला. तुमचं इंग्रजी किती सुधारलं? थोडं. तुम्हाला वाक्यं यायला लागली, पण एखादा परका माणूस समोर आला की तुम्ही पूर्वीसारख्याच मराठीवर यायचात. मात्र दरवर्षी जूनमध्ये पहिलीच्या पालकांसमोर उभ्या राहून तुम्ही तेच सांगायचात, मला इंग्रजी नीट येत नाही. आणि मी दरवर्षी मागच्या खुर्चीत डोळे मिटून घ्यायची. सुखाची वर्षं होती ती. तेव्हा तसं कुणी म्हणत नाही, म्हणून आता म्हणते.

आजारपणात तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही खिडकीशी पडून होतात, बाहेर केळीची पानं हलत होती. तुम्हाला बोलतं करावं म्हणून मी मुद्दाम तोच विषय काढला. म्हटलं, मान्य करा आता, नशीब होतं. तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणालात, "तुझी बदली झाली नाही ना? मग भांडतेस कशाला?" आपण दोघी हसलो, तुम्हाला खोकला आला, तुमच्या वहिनीने मला डोळ्यांनी उठायला सांगितलं. दारातून वळून मी म्हणाले, पुढच्या रविवारी येते, उत्तर घेऊन. आणि रविवारच्या आधीच निरोप आला.

आता तुमच्या अंत्यविधीच्या दिवसाचं सांगते, कारण तो तुम्ही पाहिला नाहीत. चर्च भरून लोक बाहेर उभे होते. आपल्याकडच्या आया आल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, कुठे बसायचं आणि केव्हा उठायचं ते शेजारच्यांकडे बघून करत होत्या. रेश्मा आली होती. आता दहावीत आहे, हायस्कूलच्या गणवेशातच आली. दफन झाल्यावर लोक अंगणात थांबले होते. तुमचा भाचा परदेशातून बायकोला घेऊन आला होता. ती तिकडेच वाढलेली, तिला मराठीचा गंध नाही. कुणाशी बोलावं ते तिला कळत नव्हतं. ती रेश्माजवळ आली आणि इंग्रजीत विचारलं की तू आंटीला कशी ओळखतेस. मी जवळच उभी होते, मला निम्मंच कळत होतं, पण निम्मं पुरेसं होतं.

रेश्मा म्हणाली, त्या माझ्या इंग्रजीच्या शिक्षिका होत्या. ती बाई हळहळून म्हणाली, त्यांचं इंग्रजी फार सुंदर असलं पाहिजे, तू किती छान बोलतेस.

"नो," रेश्मा म्हणाली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

त्या बाईला वाटलं, मुलीला प्रश्न कळला नाही. तिने तो पुन्हा विचारला, हळू, एकेक शब्द सुटा करून. मग रेश्मानेही उत्तर तसंच दिलं. समोरच्याला समजत नसलं की जरा मोठ्याने सांगावं, तसं. तिने सगळं सांगितलं. बाईंना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी ते आमच्या आईवडलांना सभेत सांगितलं, माझे बाबा मला काढणार होते, बाईंनी त्यांना थांबवलं नाही, त्या आमच्याबरोबर शिकल्या, माझी आईपण शिकली. दोन ठिकाणी अडखळली, थांबली, मनात शब्द शोधला आणि पुढे गेली. अंगणातले लोक वळून बघायला लागले होते. तुमचे फादर बघत होते, भाऊ बघत होता, गेटपाशी टेम्पोला टेकून तिचे बाबा बघत होते. तिला त्याचं काहीच नव्हतं.

बाई, माझे राहिलेले मुद्दे मी मागे घेते. जे झाका म्हणून मी त्या दुपारी तुमच्या विनवण्या केल्या, ते तुमच्या मुलीने साऱ्या गावासमोर खणखणीत आवाजात सांगितलं. आणि इंग्रजीत सांगितलं.